मार्चमध्ये सही, एप्रिलमध्ये गच्छंती : जुडी गार्लंड आणि ‘व्हॅली ऑफ द डॉल्स’

१९६७ च्या मार्चमध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या हॉलिवूडच्या स्टुडिओने गायिका-नटी जुडी गार्लंडला एका सिनेमात घेतलं आणि एप्रिल सरता सरता काढून टाकलं. सिनेमा होता ‘व्हॅली ऑफ द डॉल्स’ याच नावाच्या गाजलेल्या कादंबरीवर बेतलेला, प्रसिद्धीच्या मागे धावता धावता झोपेच्या आणि उत्तेजक गोळ्यांच्या आहारी जाणाऱ्या बायकांवरचा. गार्लंड स्वतः किशोरवयापासून तशाच गोळ्यांवर जगत होती. ही गोष्ट स्टुडिओला माहीत होती, पत्रकारांना माहीत होती आणि तिकीट काढणाऱ्यालाही माहीत होती.

या प्रकरणातली मुख्य माणसं जाहीर इतिहासातली आहेत, म्हणून त्यांची नावं दिली आहेत. एजंट, डॉक्टर, सेटवरचे कर्मचारी यांची ओळख त्यांच्या कामापुरतीच ठेवली आहे.

हा किस्सा एरवी दोन तऱ्हांनी सांगितला जातो. एक, बाई बेभरवशाची होती, काढली, संपलं. दोन, स्टुडिओ निर्दय होता, आजारी बाईला छळून हाकललं. दोन्ही सांगणारे एप्रिलकडे बघतात. मला मात्र खरा निर्णय मार्चमध्ये, कराराच्या टेबलावर झालेला दिसतो. एप्रिलमध्ये त्याची फक्त अंमलबजावणी झाली.

पार्श्वभूमी : कादंबरी

जॅकलिन सुझान ही फिलाडेल्फियातल्या एका चित्रकाराची मुलगी. १९३६ मध्ये नटी व्हायला न्यूयॉर्कला आली, नाटकांत किरकोळ कामं केली, टीव्हीवर जाहिराती केल्या, पण नटी म्हणून नाव काही झालं नाही. १९६२ च्या डिसेंबरमध्ये तिला स्तनाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली आणि आजार तिने जगापासून लपवून ठेवला. हातात किती वर्षं आहेत ठाऊक नाही, पण त्यात नाव काढायचंच, या ईर्ष्येने ती लिहायला बसली. १९६६ च्या फेब्रुवारीत ‘व्हॅली ऑफ द डॉल्स’ प्रसिद्ध झाली. हस्तलिखित वाचलेल्या संपादकाने लेखिका हौशी, पसरट आणि बेशिस्त असल्याचा शेरा मारला होता. शेरा अगदीच चूक नव्हता. पुस्तक मात्र ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या यादीत २८ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

कथा १९४५ ते १९६५ या काळातल्या तीन मुलींची. न्यू इंग्लंडमधल्या सभ्य घरातून पळून आलेली अ‍ॅन वेल्स, तमाशापार्टीसारख्या फिरत्या मनोरंजनाच्या धंद्यात वाढलेली गुणी गायिका नीली ओ’हारा आणि फक्त देहाच्या सौंदर्यावर मोजली गेलेली जेनिफर नॉर्थ. तिघींनाही जे हवं होतं ते बऱ्यापैकी मिळतं, आणि मिळालेलं टिकवायला गोळ्या लागतात. त्या गोळ्यांना कादंबरीत लाडाने ‘डॉल्स’ म्हणजे बाहुल्या म्हणतात. लाल ती सेकोनाल, पिवळी ती नेम्ब्युटाल, दोन्ही झोपेच्या गोळ्या. जेनिफरला स्तनाचा कर्करोग होतो आणि ती गोळ्या घेऊन जीव देते. लेखिकेचं स्वतःचं गुपित ठाऊक झाल्यावर ती पानं वेगळीच लागतात.

पुस्तकाच्या खपात एका खेळाचा मोठा वाटा होता : कोण कोणावरून बेतलं आहे ते ओळखा. म्हातारपणाकडे झुकलेली, खमकी, दुसरीला पुढे येऊ न देणारी ब्रॉडवेची राणी हेलन लॉसन म्हणजे ब्रॉडवेवरची खरीखुरी गायिका-नटी एथेल मर्मन, असं लोक बोलत. आणि बालवयात रंगमंचावर आलेली, आवाजाने सभागृह जिंकणारी, स्टुडिओच्या कचाट्यात गोळ्यांची सवय लागलेली, शूटिंग बंद पाडणारी नीली? त्या प्रश्नाला बहुतेक वाचकांकडे एकच उत्तर होतं.

पार्श्वभूमी : नटी

जुडी गार्लंडचा जन्म १९२२ चा, मिनेसोटा राज्यातला. १९३५ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, एमजीएम स्टुडिओशी करार झाला. चार वर्षांनी ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ आला. मुलगी बुटकी, अंगाने भरणारी, त्यामुळे वजन उतरवायला भूक मारणारी उत्तेजक गोळी. ती घेतली की झोप लागत नाही, म्हणून रात्री बार्बिट्युरेट गटातली झोपेची गोळी. पहाटे परत मेकअपला हजर व्हायचं, म्हणून पुन्हा उत्तेजक. हे चक्र तिने स्वतः पुढे उघडपणे सांगितलं आहे. त्या काळी यात कोणाला फार वावगं वाटत नव्हतं. दोन्ही गोळ्या डॉक्टरच देत.

बार्बिट्युरेटचा धोका नीट समजून घ्यावा लागतो, कारण पुढचं सगळं प्रकरण त्याच्यावर उभं आहे. शरीर या औषधाला सरावतं. पूर्वी एका गोळीने लागणारी झोप मग दोन, तीन, चार गोळ्यांवर जाते. पण जीव घेणारी मात्रा त्या प्रमाणात वर सरकत नाही. म्हणजे झोप आणणारी मात्रा आणि मारणारी मात्रा यांच्यातलं अंतर वर्षागणिक कमी होत जातं. आणि एकदम बंद करायची म्हटली तर फेफरं येऊ शकतं, भ्रम होतो, माणूस दगावूही शकतो. केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी संशोधन केंद्रात हॅरिस इझ्बेल आणि सहकाऱ्यांनी हे १९५० मध्ये नोंदवून ठेवलं होतं. तेव्हा १९६७ मध्ये कोणी ‘आम्हाला काय माहीत’ म्हणायला जागा नव्हती. १९६५ मध्ये अमेरिकेने कायदा करून या गोळ्यांवर बंधनंही घातली होती. एकच चिठ्ठी दाखवून किती वेळा आणि किती महिने गोळ्या घेता येतील याला मर्यादा आली. ओळखीचे डॉक्टर मात्र कितीही ठेवता येत.

गार्लंडच्या कामाचा इतिहासही सर्वांसमोर होता. १९४९ मध्ये ‘अ‍ॅनी गेट युअर गन’मधून तिला काढलं आणि बेटी हटनला घेतलं. त्यानंतर ती बॉस्टनच्या एका रुग्णालयात काही आठवडे उपचार घेत होती. परतल्यावर ‘समर स्टॉक’ केला. १९५० मध्ये ‘रॉयल वेडिंग’च्या वेळी पुन्हा निलंबन, आणि त्याच वर्षी एमजीएमशी संबंध तुटला. पुढे १९५४ चा ‘अ स्टार इज बॉर्न’, १९६१ ची कार्नेगी हॉलमधली मैफल, १९६३-६४ चा टीव्हीवरचा कार्यक्रम. १९६७ उजाडलं तेव्हा ती ४४ वर्षांची होती, करखात्याचं मोठं देणं डोक्यावर होतं, तिचे आर्थिक व्यवहार पाहणाऱ्यांनी केलेला घोटाळा निस्तरायचा होता आणि राहतं घर हातातून जात होतं.

पेच

फॉक्सने तिला भूमिका देऊ केली ती हेलन लॉसनची. म्हणजे नीलीची नव्हे. नीलीला जिच्याशी झुंजायचं आहे त्या जुन्या राणीची. नीली करणार होती वीस वर्षांची पॅटी ड्यूक. सिनेमातल्या गाजलेल्या प्रसंगात, बायकांच्या प्रसाधनगृहात, नीली हेलनच्या डोक्यावरचा केसांचा टोप ओढून काढते. हे एकदा डोळ्यांसमोर आणून पाहावं : जिच्यावरून नीली बेतली असं सगळी दुनिया म्हणते ती बाई, आणि तिच्या डोक्यावरचा टोप हिसकावणारी तिच्याच तरुणपणाची नक्कल. कोणत्याही प्रसिद्धीप्रमुखाला झोप लागू नये असं घबाड होतं हे.

तिला हे काम का हवं होतं? पैसे हवे होते. मानधन ७५ हजार डॉलर ठरल्याचं नोंदलेलं आहे. शिवाय १९६३ नंतर तिचा एकही सिनेमा आला नव्हता. स्टुडिओला ती का हवी होती? तिच्या येण्याने बातमी होत होती. लेखिकेला का हवी होती? पुस्तकाचा ओळखाओळखीचा खेळ त्यामुळे सिनेमापर्यंत चालू राहत होता. तिन्ही कारणं रास्त आहेत, यातलं कोणी कोणाला फसवत नव्हतं. पण गंमत अशी की तिन्हींपैकी एकाचाही ‘ही बाई सकाळी किती वाजता उभी राहू शकते’ या प्रश्नाशी संबंध नव्हता. आणि सिनेमाचं काम तर त्याच प्रश्नावर अडणार होतं.

पेच एका वाक्यात मांडायचा तर : जिच्या आजारामुळे तिला घ्यावंसं वाटत होतं, तिने सेटवर मात्र आजार नसल्यासारखं वागावं अशी अपेक्षा होती.

समोर असलेले पर्याय

न घेणं हा पहिला पर्याय. हेलनसाठी वयाने आणि दर्जाने बसणाऱ्या नट्या उपलब्ध होत्या. पुढे सुझन हेवर्डला घेतलंच. हा पर्याय व्यवहाराने सर्वांत सुरक्षित आणि गार्लंडच्या दृष्टीने बहुधा सर्वांत क्रूर. आजार आहे म्हणून काम नाही, हे उत्तर ऐकायला न्याय्य वाटत नाही, पण चित्रपटाच्या धंद्यात ते रोज दिलं जातं.

दुसरा पर्याय तिला घेऊन काम अगदी आटोपशीर करण्याचा होता. याला ताजा दाखला होता. १९६१ च्या ‘जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग’मध्ये दिग्दर्शक स्टॅनली क्रेमरने तिला एक छोटी, जड भूमिका दिली. गाणं नाही, नाच नाही, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसून बोलायचं. थोड्या दिवसांत काम संपलं आणि तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. म्हणजे ही बाई काम करू शकत नाही हे खरं नव्हतं. लांबट, विस्कळीत वेळापत्रकात ती कोसळते, एवढंच खरं होतं.

तिसरा पर्याय म्हणजे वेळापत्रकच तिच्याभोवती बांधणं. याचाही दाखला होता, पण महागडा. ‘समर स्टॉक’ एमजीएमने असाच पुरा केला : ती येईल तेव्हा तिचं, नाही तेव्हा इतरांचं. तिचा नायक जीन केलीने तो सिनेमा तिच्यासाठीच स्वीकारला होता आणि तो थांबून राहायला तयार होता. महिने गेले, पैसे गेले, पण सिनेमा झाला आणि त्यातलं तिचं ‘गेट हॅपी’ हे गाणं आजही दाखवलं जातं.

चौथा पर्याय : घ्यायचं, आणि बाकी काहीच बदलायचं नाही. फॉक्सने हाच निवडला. ‘निवडला’ हाही शब्द जास्तच होतो, कारण बाकीचे पर्याय कोणी गांभीर्याने टेबलावर मांडले असतील याची खूण कुठे दिसत नाही.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. तिला बरं करून मग घेणं हा पर्याय कागदावर छान दिसतो, पण १९६७ मध्ये तो जवळपास नव्हताच. बार्बिट्युरेट सोडवायचं तर रुग्णालयात राहून मात्रा हळूहळू उतरवावी लागते, त्याला आठवडे लागतात, आणि त्यानंतरही निद्रानाश महिनोन्‌महिने छळतो. आज ज्यांची नावं ऐकतो ती तारेतारकांची व्यसनमुक्ती केंद्रं तेव्हा निघायची होती. बेटी फोर्ड सेंटर १९८२ चं. दारूचं व्यसन हा आजार आहे हे अमेरिकन वैद्यक संघटनेने १९५६ मध्ये मान्य केलं होतं, पण डॉक्टरच्या चिठ्ठीवर घेतलेल्या गोळीला व्यसन म्हणायला समाज अजून बिचकत होता.

काय केलं गेलं

मार्चच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये लेखिकेला शेजारी बसवून पत्रकार परिषद झाली. पत्रकारांनी गोळ्यांबद्दल विचारलंच. ५ मार्चला ती ‘व्हॉट्स माय लाइन?’ या लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमात रहस्यमय पाहुणी म्हणून आली. सिनेमाचा एक फूटही चित्रित झाला नव्हता, आणि तिच्या नेमणुकीतून जी प्रसिद्धी मिळायची ती बहुतेक मिळून चुकली होती. हा पहिला निर्णायक टप्पा. इथून पुढे स्टुडिओच्या हिशोबात तिची किंमत दर दिवशी कमी होणार होती आणि तिचा खर्च वाढणार होता.

यानंतर ती कॅलिफोर्नियात कामाला लागली, आणि सुरुवात चांगली झाली. ट्रॅव्हिला या वेशभूषाकाराने तिच्यासाठी टिकल्यामण्यांनी लखलखणारा विजार-झब्ब्याचा पोशाख शिवला. पोशाखांच्या चाचणीचं चित्रण झालं, ते शिल्लक आहे. हेलनचं गाणं, ‘आय’ल प्लांट माय ओन ट्री’, तिने ध्वनिमुद्रित केलं, तेही शिल्लक आहे. आवाज थकलेला आहे, पण गाणारी कोण आहे ते पहिल्या ओळीत कळतं.

मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. पोशाख-चाचणी आणि ध्वनिमुद्रण ही दोन कामं तिने पुरी केली. दोन्हीत ठरलेली वेळ होती, थोडे तास होते, सगळं लक्ष तिच्यावर होतं आणि काम झालं की घरी जायचं होतं. चित्रीकरणात यातलं काहीच नव्हतं. सकाळी येऊन बसायचं, प्रकाशयोजना होईपर्यंत थांबायचं, मग हाक येईल तेव्हा उभं राहायचं. ती कोणत्या परिस्थितीत चालते आणि कोणत्या परिस्थितीत नाही, याची चाचणी स्टुडिओने नकळत करून पाहिली होती. निकाल हातात होता. तो कोणी वाचला नाही. हा दुसरा निर्णायक टप्पा.

तिसरा टप्पा सेटवरचा. याबद्दल सर्वांत स्पष्ट बोलली ती पॅटी ड्यूक, आत्मचरित्रात आणि नंतरच्या मुलाखतींत. तिचं म्हणणं असं : गार्लंडला सकाळी लवकर बोलावलं जाई आणि दिग्दर्शक मार्क रॉब्सन तिला दुपारी चारपर्यंत नुसतं बसवून ठेवी. तोवर ती कामाच्या अवस्थेत उरत नसे. ड्यूकच्या मते हे मुद्दाम होतं. रॉब्सनची बाजू आपल्यासमोर तितक्या तपशिलात नाही, त्यामुळे हेतूचा निवाडा मी करत नाही. मोठ्या सेटवर नट-नट्या तासन्‌तास बसून असतात, हे काही जगावेगळं नाही.

पण हेतू बाजूला ठेवला तरी परिणाम तोच. उत्तेजक गोळीवर उभ्या असलेल्या माणसाचा दिवस कसा जातो ते बघा. रात्रीच्या झोपेच्या गोळीचा अंमल सकाळी उतरलेला नसतो. तो मोडायला उत्तेजक घ्यायचं. त्या काळी वापरात असलेल्या रिटालिनसारख्या गोळीचा जोर तीन-चार तास टिकतो. म्हणजे दिवसात कामाची खिडकी उघडते ती मोजक्या तासांची, आणि ती कधी उघडायची हे निदान काही अंशी ठरवता येतं. कलाकाराला सकाळी बोलावून दुपारी चारला उभं करणं म्हणजे ती खिडकी रिकाम्या खोलीत वाया घालवणं. मग ताण, मग आणखी एक गोळी किंवा एक पेला, आणि चार वाजता दाराबाहेर साहाय्यक म्हणतो, ‘तयार?’ त्यातून हीच बाई गेली काही वर्षं प्रामुख्याने मैफली करून जगत होती. तिचं शरीर रात्री साडेआठच्या पडद्याला सरावलेलं. दुपार ही तिची सर्वांत वाईट वेळ.

चित्रीकरणाचे काही दिवस असे गेले. ती मेकअपच्या खोलीतून बाहेर आली नाही, आली तर दृश्य जमलं नाही. सिनेमात वापरता येईल असं एकही दृश्य हाती लागलं नाही.

एप्रिलच्या अखेरीस तिला काढलं. स्टुडिओने जाहीर केलं की तिने वैयक्तिक कारणांमुळे माघार घेतली आहे. तिने जाहीरपणे सांगितलं की मी माघार घेतलेली नाही. हा चौथा टप्पा, आणि तो सर्वांत अनावश्यक होता. काढणाऱ्याने ‘तिनेच सोडलं’ म्हणायचं ही सभ्यतेची जुनी पद्धत आहे. पण समोरच्याशी आधी बोलून ठरवलं नसेल तर तीच पद्धत खोटं ठरवण्याचं हत्यार होते. वर्तमानपत्रांत मग तेच चाललं. सिनेमाला पुन्हा फुकट प्रसिद्धी.

निष्पत्ती

सुझन हेवर्ड आली, तिने काम चोख केलं, गाणं मार्गारेट व्हायटिंगच्या आवाजात बसवलं. सिनेमा १९६७ च्या डिसेंबरमध्ये लागला. समीक्षकांनी टोप्या उडवल्या, लेखिकेलाही तो आवडला नाही, प्रेक्षकांनी मात्र रांगा लावल्या. फॉक्सच्या ताळेबंदातून पाहिलं तर हे यशस्वी प्रकरण आहे. नटी घेतल्याची बातमी मिळाली, काढल्याची बातमी मिळाली, वेळापत्रक फारसं विस्कटलं नाही. संस्थेसाठी काहीच बिघडलं नाही, म्हणून संस्थेने यातून काही शिकायचं कारणही नव्हतं.

गार्लंडने तो लखलखता पोशाख ठेवून घेतला. १९६७ च्या ३१ जुलैपासून न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरमध्ये तिचे चार आठवडे प्रयोग झाले, आणि त्यात ती तोच पोशाख घालून गायली. सिनेमातून काढल्याला तीन महिने झाले होते. ‘काम करण्याच्या अवस्थेत नसलेली’ बाई रात्रीमागून रात्र भरल्या थिएटरात उभी राहत होती. प्रत्येक रात्र चांगली गेली असं नाही, पण ती उभी राहिली. तिथे पडदा तिच्या वेळेला उघडत होता.

२२ जून १९६९ रोजी लंडनमधल्या घरी ती मरण पावली. सत्तेचाळिसावा वाढदिवस होऊन बारा दिवस झाले होते. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने कारण दिलं ते सेकोनाल या बार्बिट्युरेटच्या अनवधानाने झालेल्या अतिमात्रेचं. आत्महत्येचा पुरावा नाही. वर सांगितलेलं ते आकसत जाणारं अंतर हेच.

या सेटवरची आणखी एक गोष्ट त्या वेळी कोणाच्याच लक्षात आली नव्हती. नीली करणारी पॅटी ड्यूक स्वतः आजारी होती. बालकलाकार असताना तिचा कारभार पाहणाऱ्यांनी तिला दारू आणि गोळ्या दिल्या होत्या, असं तिने पुढे लिहिलं. १९८२ मध्ये तिला द्विध्रुवीय विकाराचं निदान झालं आणि नंतर ती मानसिक आजारांविषयी उघडपणे बोलणाऱ्या अमेरिकेतल्या पहिल्या काही प्रसिद्ध व्यक्तींपैकी एक ठरली. म्हणजे ज्या सेटवर एकीचा आजार पोस्टरवर लावण्याइतका जाहीर होता, तिथेच दुसरीचा आजार अभिनयात खपून गेला. ती वेळेवर येत होती ना, मग झालं.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत स्वस्त बदल वेळेचा होता. हेलनची भूमिका मोजक्या प्रसंगांची आहे. ते सगळे प्रसंग सलग दिवसांत घ्यायचे, प्रकाशयोजना बदली नटीला उभं करून आधी आटपायची, आणि गार्लंडला बोलवायचं तेव्हा कॅमेरा तयार असलेला. हवं तर संध्याकाळी. याला खर्च येतो, संध्याकाळच्या पाळीचे जादा पैसे पडतात. पण एक नटी काढून दुसरी आणण्याचा खर्चही येतोच.

दुसरं, करारात सेटवरचा डॉक्टर हवा होता, आणि तो तिचा किंवा स्टुडिओचा चिठ्ठ्या फाडणारा मित्र नव्हे. बरं करण्यासाठी नाही, ते चित्रीकरणाच्या काही आठवड्यांत होणारच नव्हतं. तिने आज काय, किती, केव्हा घेतलं हे एका माणसाला ठाऊक असावं आणि त्याच्या सांगण्यावरून आजचं काम ठरावं, एवढ्यासाठी. हे सुचवताना मला अडचणही दिसते. एमजीएमच्या काळात डॉक्टर होतेच की, आणि त्यांनीच सुरुवात करून दिली. पगार देणाऱ्याचा डॉक्टर पगार देणाऱ्याचं काम आधी पाहतो.

तिसरं, पर्यायी नटी पहिल्या दिवसापासून ठरवून ठेवणं आणि ते गार्लंडला सांगणं. हे तिला अपमानाचं वाटलं असतं का? वाटलं असतं. पण ठरावीक तारखेपर्यंत अमुक प्रसंग झाले नाहीत तर दोन्ही बाजू एकत्र निवेदन काढून थांबतील, असं आधी ठरलं असतं तर एप्रिलमधला तमाशा टळला असता. रंगभूमीवर बदली नट ठरलेला असतो, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

आणि तिच्या बाजूने? तिच्या माणसांनी हे काम घ्यायला नको होतं, असं चटकन म्हणता येतं. माझं मत तसं नाही. काम घ्यायलाच हवं होतं, पैशांची निकड खरी होती. वाटाघाट मात्र मानधनाच्या आकड्यावर झाली. ती तासांवर व्हायला हवी होती. ७५ हजारांऐवजी पन्नास घेऊन ‘संध्याकाळी, दिवसाला चार तास, सलग दिवस’ हे कलम मिळवलं असतं तर तिच्या हाती बहुधा जास्त पैसे पडले असते. काढल्यावर तिला मानधनाच्या निम्मे मिळाल्याचं सांगितलं जातं.

यामागे एक मोठा बदल होता, त्याला या प्रकरणातलं कोणी एक जबाबदार नाही. १९४९ मध्ये एमजीएमने तिला काढलं तेव्हा ती उपचार घेऊन परत यावी यात स्टुडिओचा स्वार्थ होता, कारण करार अजून शिल्लक होता आणि पुढचे सिनेमे तिच्याच नावावर विकायचे होते. त्या पद्धतीने तिला गोळ्या लावल्या, आणि ती मोडली की दुरुस्त करून आणायची गरजही त्याच पद्धतीला वाटत होती. १९६७ पर्यंत दीर्घ मुदतीचे करार इतिहासजमा झाले होते, नट-नटी एका सिनेमापुरते घेतले जात. फॉक्सचा गार्लंडशी संबंध एका भूमिकेचा होता. ती उद्या, परवा, पुढच्या वर्षी कशी असेल, हा प्रश्न आता कोणत्याच स्टुडिओच्या हिशोबवहीत नव्हता.